खडाष्टक होत नाही, खडाष्टक असतं

कोपरखैरण्याच्या एका ताईंनी विचारलंय. लेकीची पत्रिका ॲपवर टाकली, त्यात दोन ग्रहांमध्ये ‘क्विंकंक्स, १५० अंश’ आलं आणि शेजारी मराठीत ‘षडाष्टक’. तर हे षडाष्टक म्हणजे आपलं बोलण्यातलं खडाष्टकच का, त्यातला खडा कसला, आणि अर्धकेंद्र, पंचांक असले बारके योग म्हणजे काय.

खडा कसलाही नाही. पण आधी मला जरा चिडू द्या. आमच्या ठाण्यात घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या ग्रुपवर बघा, ‘पार्किंगवरून काल मीटिंगमध्ये खडाष्टक झालं’. अहो ती खडाजंगी झाली! खडाजंगी होते, आवाज चढतात, सेक्रेटरी राजीनामा देतो म्हणतो, मग वडापाव येतात आणि संपतं. खडाष्टक होत नाही, ते असतं, दोन माणसांमध्ये वर्षानुवर्षं, एक शब्द न बोलतासुद्धा. पेपरवालेही ‘महासभेत खडाष्टक’ छापतात, तेव्हा सोसायटीवाल्यांना काय बोलणार.

आता शब्द. षट् म्हणजे सहा, अष्टक आठाचं, एकाच्या राशीपासून दुसऱ्याची सहावी आणि उलट मोजली की आठवी, म्हणून षडष्टक. हो, षडष्टक, ड वर काना नाही. षडाननात काना येतो कारण तिथे ‘आनन’ आहे, इथे नुसतं ‘अष्टक’ आहे. म्हणजे जे विद्वान ‘खडाष्टक अशुद्ध, षडाष्टक शुद्ध’ असं लोकांना ऐकवत फिरतात ते स्वतःच शुद्ध लिहीत नाहीत, तो काना आपला मराठीचा आहे आणि मला तो चालतो, पण मग ख ला नाक मुरडायचं काही कारण नाही.

आणि ख तर फार भारी आहे. ष चा ख होणं ही काही गावंढळ चूक नव्हे. हर्ष वरून आपण हरखतो, विष वरून विखारी बोलतो, पाषंडाचं पाखंड केलं, हिंदीवाल्यांनी वर्षाची बरखा आणि भाषेची भाखा केली. आणि अशुद्ध म्हणणाऱ्यांनी कधीतरी शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेच्या पठणाला जाऊन बसावं. तिथे पुरुषसूक्तातलं ‘पुरुषः’ हे ‘पुरुखः’ असंच म्हणतात, परंपरेने, गुरूसमोर, आणि कोणी त्यांना शुद्धलेखनाची वही देत नाही. वेदात ख चालतो आणि सासू-सुनेच्या भांडणात चालत नाही? माझा तर असा तर्क आहे की खडाजंगीच्या संगतीनेच तो काना पक्का झाला असणार आणि अर्थाची गल्लतही त्याच संगतीतून आली. पटत नसेल तर सोडून द्या, मला पटतं.

पण खरी गंमत अर्थात आहे. वराहमिहिराच्या बृहज्जातक या जुन्या ज्योतिषग्रंथात दृष्टी, म्हणजे ग्रह आपल्यापासून कितव्या स्थानाकडे किती बघतो ते, चढत्या भाजणीने दिल्यात, तिसऱ्या-दहाव्यावर पाव, पाचव्या-नवव्यावर अर्धी, चौथ्या-आठव्यावर पाऊण, सातव्यावर पूर्ण. सहावं स्थान या यादीतच नाही. आता एक ग्रह मेषेत ठेवा, एक कन्येत. कन्येतल्याला मेष आठवी, तो पाऊण दृष्टीने बघतोय, मंगळ असेल तर पूर्ण दृष्टीने. मेषेतल्याला कन्या सहावी, त्याचं तिकडे लक्षच नाही! एक टक लावून बघतोय आणि दुसऱ्याच्या खिजगणतीत नाही, याहून नेमकं खडाष्टक तुम्ही मला दाखवा. छत्तीसच्या आकड्यात निदान ३ आणि ६ दोघांनीही पाठ फिरवलेली असते, ते बरोबरीचं प्रकरण आहे. दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरणाऱ्यांना म्हणूनच मी टोकतो.

आणि प्रत्येक षडाष्टक वाईट नसतंच. गुणमेलनात ३६ पैकी राशिकूटाचे, म्हणजे दोघांच्या राशी जुळण्याचे, ७ गुण षडाष्टकामुळे जातात हे खरं, पण मेष-वृश्चिक दोन्ही मंगळाच्या, वृषभ-तूळ दोन्ही शुक्राच्या, म्हणून ती प्रीतिषडाष्टकं. मेष-कन्या मात्र मृत्युषडाष्टकात. बोलीभाषेने प्रीती टाकून दिली आणि मृत्यू तेवढा ठेवला.

क्विंकंक्सकडे येतो. हा लॅटिन, क्विंक्वे म्हणजे पाच, उंकिया म्हणजे बारावा भाग, एकूण पाच द्वादशांश, आणि ३६० चे पाच द्वादशांश बरोबर १५०. आपला औंस आणि इंच त्याच उंकियाची पोरं. रोमनांचं या नावाचं एक नाणं होतं, त्यावर पाच ठिपके. मग त्यांचे पाच आणि आपले सहा कसे? ठाण्यापासून मोजा ताई. ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुमचं स्टेशन सहावं, पण मधली अंतरं पाचच. आपण स्वतःपासून एक म्हणतो, ते अंतर मोजतात.

तरीही ॲपवाल्याने दोन्ही एकच समजणं चूक आहे. षडाष्टक राशींचं असतं, क्विंकंक्स अंशांचा. मेषेच्या १ अंशावर एक ग्रह आणि कन्येच्या २९ वर दुसरा, हे आपल्याकडे षडाष्टक, पण अंतर १७८, म्हणजे पाश्चात्त्य हिशोबात जवळजवळ प्रतियोगच, १८० अंशांचा. उलट मेष २९ आणि कन्या १ घेतलं तर १२२, म्हणजे १२० च्या त्रिकोणाजवळ! जुना ग्रीक ज्योतिषी टॉलेमी तर ३० आणि १५० वाल्या राशींचा एकमेकींशी संबंधच नाही म्हणायचा, नंतरच्यांनी त्याला योग करून टाकलं आणि आता अर्थ सांगतात सतत जुळवून घ्यावं लागणं.

हां, ते बारके योग. अर्धकेंद्र म्हणजे ४५ अंश, केंद्राच्या ९० चा अर्धा, अर्थही तसाच, कुरबूर. पंचांक म्हणजे ७२, वर्तुळाचा पाचवा भाग, कलाकौशल्याचा म्हणतात. ७२, १४४ आणि १३५ अंशांचे योग खगोलशास्त्रज्ञ केपलरने वाढवले, संगीतातले सूर आणि वर्तुळात बसणाऱ्या समभुज आकृत्या यांच्या हिशोबाने, आणि ज्या १६१९ च्या ‘हार्मोनिसेस मुंडी’ ग्रंथात हे आहे त्यातच ग्रहगतीचा त्याचा तिसरा नियमही आहे. आणि लेकीचं बघायचं तर आधी त्या दोन ग्रहांच्या राशी मोजा, सहा-आठ येत नसेल तर ॲपने १५० म्हटलं तरी ते षडाष्टक नाही.