दम्यासाठी रोजचा कॉम्बिनेशन इन्हेलर (दोन औषधं एकत्र असलेला) विम्यात बसेल असा कोणता निवडावा? (राहणार ठाणे, साधा मेडिक्लेम)

विम्याकडे बघून निवडू नका. साध्या मेडिक्लेममध्ये रोजच्या इन्हेलरचे पैसे बहुधा मिळत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांना विचारून ब्युडेसोनाइड (सूज कमी करणारं स्टेरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळी करणारं औषध) यांच्या मिश्रणाचा परवडणारा ब्रँड घ्या. मी इथेच औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे, विम्यातून इन्हेलरचे पैसे मिळतील हा गैरसमज रोज बघतो. हे मिश्रण २०२२च्या राष्ट्रीय आवश्यक औषध यादीत आहे, म्हणून त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा लागते. दुसरं म्हणजे फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत काम सुरू करतं. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं तर रोजच्या डोससाठी आणि धाप लागल्यावरही हाच इन्हेलर चालतो, वेगळा घ्यावा लागत नाही. सॅल्मेटेरॉल हे दुसरं औषध असलेलं मिश्रण मात्र धाप लागल्यावर वापरायचं नसतं.

पैसे वाचवायचे तर:
- ओपीडी कव्हर (भरती न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च) आहे का, हे पॉलिसीत बघा.
- पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर त्या दवाखान्यातून औषधं मोफत मिळतात. ठाण्यात वागळे इस्टेटला आणि नवी मुंबईत वाशीला त्यांची रुग्णालयं आहेत.
- दम्यासाठी भरती व्हावं लागलं तर आधीची आणि नंतरची औषधाची बिलं चिठ्ठीसकट जपा. बऱ्याच पॉलिसी अनुक्रमे ३० आणि ६० दिवसांची धरतात.

पावडरची कॅप्सूल अनेकदा स्वस्त पडते, पण ती ओढायला श्वासात जोर लागतो. लहान मुलं आणि वयाने थकलेल्या माणसांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून फवाऱ्याचा पंपच द्या.