एकटं शांत बसायचं असेल तर पियानोचं काय ऐकावं?

तुमचा प्रश्न असा की रात्री दिवे मालवून शांत बसायला पियानो लावावा, तर दहा मिनिटांत सगळं एकसारखंच वाटायला लागतं. मग नेमकं काय ऐकायचं?

आधी त्या 'मन शांत करणाऱ्या' तासन्‌तास चालणाऱ्या प्लेलिस्ट बंद करा. एका वादकाचा एकच अल्बम घ्या आणि सलग ऐका. मी निल्स फ्रामचा 'फेल्ट' सुचवेन, २०११ चा. बर्लिनमध्ये राहणाऱ्या फ्रामने रात्री वाजवताना शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून पियानोच्या तारा आणि हातोड्या यांच्यामध्ये फेल्टचं जाड कापड घातलं. आवाज इतका दबला की माइक पार तारांना चिकटतील इतके जवळ न्यावे लागले. मग माइकने सगळंच टिपलं: हातोडी परत जागेवर बसतानाची टकटक, लाकडाची करकर, त्याचा श्वास.

बाबांच्या आजारपणात मी रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसायचे, तेव्हा एका कानात हाच अल्बम असायचा, आवाज अगदी बारीक. सुरांइतकाच त्या टकटकीचा आधार वाटायचा. खोलीत आपल्यासोबत अजून कुणीतरी जागं आहे, असं वाटायचं. प्लेलिस्टमधल्या गुळगुळीत पियानोत मला हे कधी मिळालं नाही.

याहून कमी सूर हवे असतील तर एस्टोनियाचे संगीतकार आर्वो पार्ट यांची १९७६ मधली 'फ्युर अलीना' ऐका. जेमतेम काही ओळींची रचना. उजवा हात सुरांवरून हळूहळू चालतो, डावा हात मात्र एकाच कॉर्डचे (एकमेकांशी जुळणाऱ्या सुरांच्या गटाचे) तीन स्वर सोडून, एक अपवाद वगळता, कुठे जात नाही. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे फार लवकर आपलंसं होतं. ओळीगणिक एकेक सूर वाढत जातो आणि पुढे तसाच कमी होत येतो.

संगीतकार माक्स रिख्टरचं आठ तासांहून मोठं 'स्लीप' तुम्हाला बरेच जण सुचवतील. सुंदरच आहे, पण ते झोपेसाठी रचलंय. तुम्हाला तर जागं राहून बसायचंय.

आणि 'फ्युर अलीना' लावलीत की सुरुवातीचा खर्ज घुमू द्या. तो विरेपर्यंत मोबाइल हातात घेऊ नका.