मानधन नको, पण हिशेब हवा

आपली संगीतकला समाजकार्यासाठी विनामूल्य द्यावी, या इच्छेतून आलेली काही पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : नोकरी सांभाळून मी बरीच वर्षे हार्मोनियम शिकत आहे. स्वतंत्र मैफल करण्याइतकी माझी तयारी नाही. पण वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयात जाऊन चार गाणी म्हणावीत, असे मनापासून वाटते. काही ठिकाणी विचारून पाहिले, तेव्हा ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळाले. माझी कला कमी पडते, की विचारण्याची पद्धत चुकते?

उत्तर : पद्धत चुकत असावी. ‘मला सेवा करायची आहे, काही असेल तर सांगा’ असे म्हटले की आपल्यासाठी काम शोधण्याची जबाबदारी संस्थेच्या गळ्यात पडते, आणि तिथली माणसे आधीच कामाच्या रगाड्यात असतात. त्याऐवजी नेमका प्रस्ताव लेखी द्या : महिन्यातला अमुक दिवस, दुपारच्या विश्रांतीनंतरचा पाऊण तास, गाणारे-वाजवणारे दोघे, ध्वनिक्षेपक नको, फक्त दोन खुर्च्या आणि हार्मोनियम ठेवण्यापुरते एक टेबल. पहिली खेप पारखून घेण्यापुरती असेल आणि पुढचे त्यानंतर ठरवू, हेही त्यात लिहा. अशा पत्राला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणे सोपे जाते.

राहिला तयारीचा प्रश्न. मैफलीला लागणारी तयारी आणि इथे लागणारी तयारी यांत फरक आहे, आणि दुसरी सोपी आहे असे समजू नये. वय वाढते तसे वरचे स्वर गळ्याला जड जातात; त्यामुळे श्रोत्यांनी बरोबर गावे असे वाटत असेल, तर गाणे मूळ पट्टीपेक्षा दोन-तीन पट्ट्या खाली घ्यावे आणि लयही थोडी उतरवावी. गाणी आपल्या आवडीची नव्हेत, तर श्रोते पंधरा ते पंचवीस वर्षांचे असतानाची निवडावीत, कारण त्या वयातली गाणी माणसाच्या स्मरणात विशेष घट्ट रुतलेली असतात. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला समोरच्याचे नाव आठवत नाही, तरी ध्रुवपद सुरू होताच तिचे ओठ हलू लागतात, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी ठरल्याप्रमाणे अंतऱ्याकडे जाऊ नये. तेच ध्रुवपद पुन्हा घ्यावे, जमल्यास आणखी एकदा घ्यावे आणि आपला आवाज हळूहळू मागे ठेवावा. आलाप-तानांची हौस घरी भागवावी.

रुग्णालयात मात्र आणखी एक पथ्य आहे. प्रत्येक खोलीच्या दाराशी थांबून, आधी परिचारिकेला आणि मग रुग्णाला विचारावे. ‘नको’ हे उत्तर आले, तर तेही हसून घ्यावे, कारण त्या खोलीत नकार देता येईल अशा गोष्टी रुग्णाच्या वाट्याला फार थोड्या येतात. स्वतःला साधी सर्दी असली, तरी त्या दिवशी जाऊ नये. आणि आपण जे करतो त्याला ‘संगीतोपचार’ म्हणू नये. ती प्रशिक्षित व्यक्तींनी रुग्णाची तपासणी करून, उद्दिष्ट ठरवून आणि नोंदी ठेवून करायची स्वतंत्र विद्याशाखा आहे. आपण आनंद द्यायला जातो, तेवढे पुरेसे आहे.

प्रश्न : आमच्या हौशी वाद्यवृंदाने आपद्ग्रस्तांच्या मदतीसाठी तिकीट लावून कार्यक्रम करायचे ठरवले आहे. सभागृह, ध्वनियोजना आणि जाहिरात यांचा खर्च बघता, मदत म्हणून उरेल किती, अशी शंका आमच्यातले काही जण काढतात. पैशांची व्यवस्था कशी ठेवावी?

उत्तर : शंका काढणाऱ्यांना समितीत घ्या, त्यांचा फार उपयोग होईल.

संगीतातून मदतनिधी उभारण्याची रीत जुनी आहे. संगीतकार हँडेल यांच्या ‘मसाया’ या धार्मिक गायन-वादन रचनेचा पहिला प्रयोग १३ एप्रिल १७४२ रोजी डब्लिनमध्ये झाला, तोच मुळी मदतीसाठी. कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी, मर्सर्स रुग्णालय आणि आणखी एक धर्मादाय रुग्णालय अशा तिघांसाठी उत्पन्न वापरले जाईल, हे वर्तमानपत्रातून आधीच जाहीर झाले होते, आणि त्या पैशांतून १४२ कैद्यांची सुटका झाली. (जास्त श्रोते मावावेत म्हणून स्त्रियांनी घेरदार झग्यांखालची कडी आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंतीही आयोजकांनी केली होती. आसनक्षमतेचा इतका बारकाईने विचार आजही क्वचितच होतो.) पैसे कोणाला जाणार, हे तिकीट घेण्यापूर्वी श्रोत्याला ठाऊक होते, ही त्यातली घेण्याजोगी गोष्ट.

याउलट, पैसे कोणत्या मार्गाने जाणार हे आधी पक्के नसले की काय होते, त्याचे उदाहरणही मोठेच आहे. पंडित रविशंकर यांच्या सांगण्यावरून ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातले गायक-गिटारवादक जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशातील निर्वासितांसाठी एकाच दिवसात दोन कार्यक्रम केले. सुमारे ४०,००० श्रोते आले आणि तिकिटांचे जवळजवळ अडीच लाख डॉलर युनिसेफकडे गेले. परंतु पुढे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपट यांतून आलेली कितीतरी मोठी रक्कम अमेरिकेच्या करविभागात अनेक वर्षे अडकून पडली, कारण धर्मादाय कार्यक्रम म्हणून करसवलतीची औपचारिकता आधी पूर्ण केलेली नव्हती. कलावंतांच्या हेतूत काडीची खोट नव्हती. कागद मागे राहिले.

म्हणून सभागृह नोंदवण्यापूर्वी मदत घेणाऱ्या संस्थेशी लेखी बोलणी करा आणि तिकिटांचे पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात न घेता, शक्य असल्यास थेट संस्थेच्या खात्यात जमा होऊ द्या. सादर करायच्या गाण्यांचे सादरीकरण-हक्क कोणाकडे आहेत, तेही पाहून ठेवा. कार्यक्रम मदतीसाठी आहे म्हणून परवानगी आपोआप मिळत नाही, आणि याबाबतचे नियम प्रत्येक देशात वेगळे असतात. मग एका कागदावर खर्च मांडा आणि निम्मीच तिकिटे खपली असे धरून हिशेब करा. तरीही भरीव रक्कम उरत असेल, तर कार्यक्रम खुशाल करा. उरत नसेल, तर खर्चासाठी वेगळा प्रायोजक शोधा, नाहीतर लहान जागेत, ध्वनिक्षेपकाशिवाय बैठक करा. सभासदांनी वर्गणी काढून ती रक्कम सरळ संस्थेला दिली, तर जास्त मदत पोहोचते, असेही कधी कधी आढळते. तसे आढळल्यास हौसेला मदतीचे नाव देऊ नये. कार्यक्रमानंतर एकूण जमा, खर्च आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम हे तिन्ही आकडे श्रोत्यांना कळवा.

प्रश्न : मी व्यावसायिक गायिका आहे. ‘चांगल्या कामासाठी आहे, मानधन नाही, पण प्रसिद्धी मिळेल’ अशी निमंत्रणे सतत येतात. नकार दिला की माणसे दुखावतात. काय करावे?

उत्तर : एकच प्रश्न विचारत जा : या कार्यक्रमात आणखी कोण कोण विनामूल्य काम करत आहे? मंडप, ध्वनियोजना, छपाई या सगळ्यांचे पैसे चुकते होणार असतील आणि फक्त गळ्याचे मोल शून्य धरले असेल, तर ते काम कितीही चांगले असले, तरी आयोजकांच्या अंदाजपत्रकातली तूट आपण भरून काढत आहोत, हे लक्षात घ्यावे. वर्षातून किती कार्यक्रम विनामूल्य करायचे, हे वर्षारंभीच ठरवून टाका. ‘या वर्षीचे ठरलेले झाले’ हा नकार कोणाला लागत नाही. मानधन रीतसर घेऊन त्यातली रक्कम पावती घेऊन देणगी म्हणून द्यावी, हा मार्गही चांगला आहे, कारण त्यामुळे आपण काय दिले ते कागदावर दिसते. व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांनी १९७७ मध्ये ब्रिटनमध्ये ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था सुरू केली. ती रुग्णालयांत आणि वृद्धांच्या निवासांत संगीत पोहोचवते, पण तरुण कलावंतांना त्याचा मोबदला देऊन.

आपण विचारले नाही, तरी साथीदारांविषयी सांगणे भाग आहे. मुख्य कलावंताने भर मंचावरून ‘आम्ही मानधन घेणार नाही’ असे जाहीर करावे आणि तबला-हार्मोनियमवर बसलेल्यांना ते तिथेच प्रथम कळावे, असे प्रकार घडतात. टाळ्या एकाला आणि झळ दुसऱ्याला, असा तो व्यवहार आहे. दान आपल्या वाट्याचेच करावे. साथीदारांना आधी एकांतात विचारावे, आणि त्यांना शक्य नसेल, तर त्यांचे मानधन आयोजकांकडून मागून घ्यावे किंवा स्वतः द्यावे.

प्रश्न : अनाथाश्रमातील मुलांना गाणे शिकवावे आणि घरातली जुनी वाद्ये त्यांना द्यावीत, असा विचार आहे. योग्य आहे का?

उत्तर : निदान वर्षभर नियमित जाता येणार असेल, तरच शिकवणी सुरू करा, माणसे येतात आणि जातात, हे त्या मुलांनी पुरेसे पाहिलेले असते. वर्गात संस्थेची एक व्यक्ती कायम हजर असावी, असा आग्रह आपणच धरा. वाद्ये दुरुस्त करून, सुरात लावून द्या आणि पुढच्या तारा-पुड्यांचा खर्च कोण करणार, तेही ठरवा.

प्रश्न : रुग्णालयातील गायनाची ध्वनिचित्रफीत समाजमाध्यमावर टाकली, तर इतरांनाही प्रेरणा मिळेल. टाकावी का?

उत्तर : रुग्णाचा चेहरा, आवाज किंवा खाटेवरचा फलक त्यात असेल, तर त्याच्या आणि रुग्णालयाच्या लेखी संमतीशिवाय टाकू नये. जो रुग्ण समजून संमती देण्याच्या अवस्थेत नाही, त्याचे चित्रण करूच नये. फक्त आपले हात आणि हार्मोनियम दिसत असेल, तर रुग्णालयाला विचारून टाकण्यास हरकत नाही.