रात्री शेतात पाणी द्यायला जावं लागतं. १ लाख लुमेनची एलईडी बॅटरी घेऊ की ८०० ची? ८०० वाली महाग का?

खोक्यावर लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाचा, आकडा छापायला कुणाला पैसे पडत नाहीत. ८०० वाली घ्या. खरं तर तीही नको, पण ते पुढे सांगतो. हाच वाद आमच्या दाजींशी अजून मिटलेला नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशोब करा. हातातल्या बॅटरीत एका वॅटला १०० लुमेन मिळाले तरी चांगलं म्हणायचं. म्हणजे १ लाख लुमेनला १००० वॅट. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट. सव्वा एचपीपेक्षा मोठी मोटार तुम्ही खिशातल्या सेलवर चालवणार! असल्या बॅटरीत बसणारा १८६५० मापाचा सेल ३.७ व्होल्टचा, त्याची साठवण खरी ३००० एमएएच धरली तर ११ वॅट-तास होतात. त्यावर १००० लुमेन जेमतेम तासभर, ३०० लुमेन तीन-साडेतीन तास. बस्स.

दाजींनी असलीच एक ऑनलाइन मागवली होती. त्या आठवड्यात शेतीची लाइट रात्रीची. उसाला पाणी द्यायला निघालो तर म्हणाले, "तुझं ते कपाळावरचं खेळणं राहू दे घरी." राहू दिलं, मोठ्या माणसाशी रात्री बाराला कोण वाद घालणार. बॅटरी लावली की पलीकडच्या वस्तीवरचं नारळाचं झाड लख्ख दिसायचं, पायाखालचा बांध मात्र दिसायचा नाही. झूमवाल्या भिंगांचं हेच असतं. अर्ध्या तासात उजेड बसला आणि नेमका तेव्हाच पाट फुटला. मी चाचपडत फावड्याने माती ओढतोय, दाजी बॅटरीच्या बुडावर थापा मारतायत, आणि पाणी चाललंय शेजाऱ्याच्या काढून पसरलेल्या कांद्यात. त्याने सकाळी काय काय ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. दाजींचं म्हणणं आजही एकच, मी सेल नीट चार्ज केला नव्हता.

दाजींच्या सेलवर छापलेलं ९९०० एमएएच. या मापाचे चांगले सेलसुद्धा बहुतेक ३५००-३६०० च्या आसपास थांबतात. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला तर २९ ग्रॅम भरला; अस्सल सेल ४५ च्या पुढेमागे भरतो. दाजी म्हणाले, काटा खोटा आहे.

महाग का, तर उष्णतेमुळे. एलईडीचा झोत गार वाटतो, पण दिलेल्या विजेतला निम्म्याहून जास्त भाग मागच्या बाजूला उष्णताच होतो. ती बाहेर काढायला ॲल्युमिनियमचं अंग आणि करंट सांभाळणारं सर्किट लागतं. प्लॅस्टिकच्या नळकांड्यात तोच एलईडी भाजून मरतो. चांगली बॅटरीही पूर्ण उजेडावरून काही मिनिटांत आपोआप खाली येते, तो बिघाड समजू नका. खोक्यावर एएनएसआय एफएल१ (बॅटऱ्या मोजायचं एक मानक) लिहिलेलं असेल तर चालण्याचा वेळ हा उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा असतो, हेही लक्षात ठेवा.

माझं ऐकाल तर डोक्याला लावायची घ्या. ३००-४०० लुमेन, पसरट झोत, बदलता येणारा सेल, आयपीएक्स७ म्हणजे पाण्यात पडली तरी टिकणारी. निळसर पांढरा उजेड नको, ४०००-५००० केल्विनचा बघा. मातीवर बसलेली घोणस मातीपासून वेगळी दिसायला रंग नीट कळावे लागतात. दोन्ही हात मोकळे नसतील तर दारं धरायला जाऊच नये.

हां, जुन्नर-नारायणगावसारखा बिबट्याचा पट्टा असेल तर लांब झोताची दुसरी एक हातात असू द्या. एवढ्यापुरतं दाजींचं बरोबर. पण दुप्पट लांबचं दिसायला झोत चौपट तीव्र लागतो, त्यामुळे तिथेही खोक्यावरच्या मीटरांवर जाऊ नका. आणि चेपलेला किंवा वरचं वेष्टन सोललेला सेल चार्जिंगला लावून झोपू नका.