समुद्र तापला की ढग वाढतात?

प्रश्न: समुद्र तापला की वाफ वाढते, वाफ वाढली की ढग वाढतात आणि सावली पडून समुद्र पुन्हा निवतो. मग तापमानवाढीची एवढी काळजी कशाला?

वाफ वाढते हे खरं. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं. पण ढग व्हायला हवा संपृक्त, म्हणजे बाष्पाने काठोकाठ भरलेली, व्हावी लागते. समुद्राबरोबर हवाही तापते, त्यामुळे बाष्प वाढूनही सापेक्ष आर्द्रता, म्हणजे मावू शकणाऱ्या बाष्पापैकी प्रत्यक्षात किती आहे ते प्रमाण, जवळपास होती तेवढीच राहते. शिवाय बाष्प स्वतःच उष्णता अडवतं, ते तुमच्या हिशेबातून निसटलं आहे.

प्रश्न: पेरूजवळचा समुद्र थंड आहे. तरी त्यावर सतत ढग कसे?

नामिबिया आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांवरही हेच दिसतं. वारा किनाऱ्याजवळचं पाणी बाजूला लोटतो आणि खोलवरचं गार पाणी वर येतं. त्याला लागून असलेली हवा गार आणि दमट होते. तिच्यावर उंचावरून उतरलेली कोरडी, उबदार हवा झाकणासारखी बसते. बाष्प खालीच कोंडतं आणि जेमतेम एक-दीड किलोमीटर उंचीवर ढगांची सलग चादर पसरते.

ही चादर फार मोलाची. उघडा समुद्र सरळ पडणाऱ्या उन्हाचा दहावा भागही परतवत नाही. चादर मात्र बरंचसं ऊन माघारी धाडते. तिचा माथा जवळपास पाण्याइतकाच उबदार असल्यामुळे खालून बाहेर जाणारी उष्णता ती फारशी अडवत नाही. म्हणजे नफा जवळजवळ सगळा थंडाव्याचा. पण पाणी तापलं की झाकण ढिलं पडतं, वरची कोरडी हवा ढगात शिरते, चादर विरते आणि ऊन थेट पाण्यावर पडतं. पाणी आणखी तापतं. म्हणून नुसतं पाण्याचं तापमान सांगून भागत नाही, वरची हवा किती उबदार आहे तेही विचारावं लागतं.

प्रश्न: मग उष्ण समुद्रावरचे उंच ढग?

पाणी साधारण 27-28 अंशांवर गेलं की हवा जोरात वर उसळते आणि गडगडाटी ढगांचे मनोरे उभे राहतात. एल निनोच्या काळात प्रशांत महासागरातलं उबदार पाणी पूर्वेकडे सरकतं, तेव्हा हे मनोरे आणि पाऊसही त्यामागोमाग जातात. मनोऱ्यांच्या माथ्याकडून पसरणारे विरळ हिमढग ऊन आत येऊ देतात, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत.

प्रश्न: एका वाक्यात सांगा, ढग पृथ्वीला तापवतात की निववतात?

आज निववतात, दर चौरस मीटरला सुमारे 20 वॅटने. पण आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालानुसार पृथ्वी तापेल तसे ढगांतले बदल एकूण तापमानवाढीलाच हातभार लावतील.

प्रश्न: ढगांआडच्या समुद्राचं तापमान उपग्रह मोजतो कसं?

अवरक्त किरणांनी मोजताच येत नाही. सूक्ष्मलहरी ढगांतून आरपार येतात, पण जोरदार पावसात त्याही गडबडतात. तिथे पाण्यात तरंगणाऱ्या बोयांवर भिस्त ठेवावी लागते.