शेजाऱ्यांच्या कोंबड्या मे महिन्यात सांभाळताना

आपण विचारले आहे की, शेजारी मे महिन्यात १० दिवस परगावी जाणार आहेत, त्यांच्या परसातल्या ८ कोंबड्या आणि १ कोंबडा आपल्यावर सोपवून जाणार आहेत आणि आपण कधी कोंबड्या पाळलेल्या नाहीत, तर दाणापाणी कसे करावे. मी जुळे सोलापुरात राहतो आणि मावशी गावी जाते तेव्हा तिच्या कोंबड्या मीच सांभाळतो, त्या अनुभवावरून लिहितो.

दाण्यापेक्षा पाण्याची आणि दुपारची काळजी अधिक घ्यावी लागते. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे एवढाच तिचा उपाय असतो, आणि सोलापुरात पारा ४२ अंशांवर गेला की तो पुरत नाही. एरवी एक कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट, म्हणून नळाला पाणी येण्याचा दिवस लक्षात ठेवून त्यांच्यासाठी एक घागर वेगळी भरून ठेवावी. पहिल्या वर्षी मी सकाळी लिंबाच्या सावलीत पाण्याचे घमेले भरून ठेवले आणि कामावर गेलो. दुपारी सावली सरकली, पाणी तापले आणि तापलेले पाणी कोंबड्या पीत नाहीत. संध्याकाळी परतलो तेव्हा एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, भिंतीच्या कडेला मरून पडली होती. मावशी मला काही बोलली नाही, पण ती तलंग तिने पिलापासून वाढवली होती आणि मला आजही ते लागून राहिले आहे. तेव्हापासून मी मातीची दोन पसरट भांडी दोन ठिकाणी ठेवतो, दुपारी १२ आणि ३ वाजता पाणी बदलतो आणि खुराड्याच्या छपरावर ओले पोते टाकतो. आपण दुपारी घरी नसाल, तर त्या वेळेसाठी घरातल्या कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. एखादी फारच धापा टाकत असेल, तर तिला सावलीत नेऊन पाय साध्या पाण्यात बुडवावेत. बर्फाचे पाणी वापरू नये.

दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावा, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते. नऊ जणांना मिळून दिवसाला साधारण १ किलो पुरते, परंतु शेजारी ज्या मापाने आणि जे देतात तेच द्यावे. ज्वारीच्या कण्या देत असतील तर कण्या, तयार खाद्य देत असतील तर तेच. कडक भाकरीचा चुरा भिजवून दिलेला चालतो. शेंगाचटणी किंवा खारट उरलेसुरले देऊ नये, आणि बुरशी आलेली पेंड किंवा दाणे तर मुळीच नकोत, कारण बुरशीचे विष यकृतावर जाते.

अंडी बहुधा दुपारच्या आत घातली जातात. कोंबडा असल्यामुळे ती फळलेली असू शकतात आणि मे महिन्यातल्या उष्णतेत त्यांच्यात वाढ सुरू होऊ शकते, म्हणून १० वाजता एकदा आणि दुपारी पाणी बदलताना पुन्हा अंडी उचलावीत. कवच पातळ निघाले तर घाबरू नये. सततच्या धापांनी रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच नीट जमत नाही. एखादी कोंबडी पिसे फुलवून खुडूक बसली असेल, म्हणजे अंडी उबवायला बसून जागची हलत नसेल, तर तिला उठवायचे की अंड्यांवर बसू द्यायचे हे शेजाऱ्यांना आजच विचारा, कारण पिले निघायला २१ दिवस लागतात आणि तो निर्णय आपला नव्हे.

मातीत लोळून पंख फडफडवणारी कोंबडी पाहून नवख्या माणसाला तिला झटका आला असे वाटते, पण ती धूळस्नान करत असते. याउलट एखादी डोळे मिटून एकटी बसली, हिरवट पातळ विष्ठा टाकू लागली किंवा तिची मान वाकडी झाली, तर तो मानमोडी (राणीखेत) हा कोंबड्यांचा साथीचा रोग असू शकतो. त्या कोंबडीला लगेच डालग्याखाली इतरांपासून दूर ठेवावे, शेजाऱ्यांना फोन करावा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. एकाच दिवसात दोन-तीन दगावल्या तर मेलेल्यांना उघड्या हाताने शिवू नये आणि कळवायला उशीर करू नये.

अंधार पडू लागला की कोंबड्या आपापल्या खुराड्यात शिरतात, हाकाव्या लागत नाहीत. त्या आत बसल्या की मोजा. नऊ भरल्यावरच कडी लावा आणि तिला तारेचा पीळ द्या, कारण मुंगूस आणि मांजर सैल दाराची फट शोधतातच. शेजारी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांच्याबरोबर हे सारे एकदा करून पाहा. त्या वेळी कोंबड्याला आपली ओळखही होते, नाहीतर तो परक्याच्या पायांवर धावून येतो.