दोष न लावता देणाऱ्याकडे मागताना

नोकरी गेली, पतीपत्नींत अबोला आला किंवा मायदेशी आईवडील आजारी पडले, की परदेशातील अनेक ख्रिस्ती कुटुंबांना प्रार्थनेला बसल्यावर आधी अपराधीपणाच जाणवतो. येथे येण्याचा निर्णय आपलाच होता, मग आता देवापुढे कोणत्या तोंडाने रडायचे, असे त्यांना वाटते. ‘तुम्हीच गेलात ना?’ हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला नसला, तरी तो मनात उमटतोच.

अशा वेळी बायबलमधील याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय सावकाश वाचावा. हे पत्र मुळात आपल्या भूमीपासून दूर पांगलेल्या लोकांना उद्देशून लिहिलेले आहे. ज्याला ज्ञान कमी पडते त्याने ते देवाजवळ मागावे, असे पाचवे वचन सांगते आणि देव कोणाला दोष न लावता उदारपणे देतो, असे कारणही देते. यातील ‘दोष न लावता’ हे शब्द आपण घाईने ओलांडतो. माणसे मदत करतात, पण बहुधा आधी दोन शब्द सुनावतात. देव तसे करत नाही. त्यामुळे जुन्या निर्णयाचे समर्थन करण्यात प्रार्थनेचा अर्धा वेळ घालवण्याचे कारण नाही. शिवाय आधीची वचने परीक्षा धीराने सोसण्याविषयी आहेत, म्हणजे येथे मागायचे ज्ञान अडचणीतून निसटण्यासाठी नसून अडचणीत नीट वागता येण्यासाठी आहे.

इस्राएलचा राजा शलमोन याने देवाला पुढे काय घडेल हे विचारले नाही. दीर्घायुष्य किंवा संपत्ती न मागता त्याने बरेवाईट ओळखणारे मन मागितले (1 राजे 3), आणि लगेच त्याच्यासमोर एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रिया उभ्या राहिल्या. तेव्हा आकाशवाणी झाली नाही. त्याला दोघींचे म्हणणे ऐकून घ्यावे लागले. आपल्या घरात नेमके हेच राहून जाते. एकाला परत जायचे असते, दुसऱ्याला मुलांचे शिक्षण पुरे करायचे असते आणि दोघेही उत्तर आधीच ठरवून प्रार्थनेला बसतात. मग एक जण म्हणतो, ‘देवाने माझ्या मनात असे घातले आहे.’ या वाक्यापुढे जोडीदाराला काही बोलताच येत नाही, म्हणून घरगुती मतभेदात ते वापरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकर दवाने भिजते की कोरडी राहते यावरून देवाकडे खूण मागणाऱ्या गिदोनाचा दाखला देऊन चिन्ह मागणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी: काय करायचे ते त्याला आधीच सांगितले गेले होते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील आशेचे आणि चांगल्या भविष्याचे अकरावे वचन बहुतेकांना पाठ असते. मात्र त्याच्या आदल्याच वचनात बाबेलातील बंदिवासाच्या 70 वर्षांचा उल्लेख आहे, तो फारसा कोणी भिंतीवर लावत नाही. हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सुटकेचे आश्वासन देत होता. यिर्मयाने मात्र पत्र पाठवून तेथील बंदिवानांना घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरात आहात त्याच्या शांतीसाठी प्रार्थना करा, असे कळवले. ‘आणखी दोन वर्षे, मग परत’ असे म्हणत घरातले सामानही न उघडणाऱ्यांसाठी हे पत्र फार उपयोगी आहे.

मिळालेले उत्तर वरून आलेले आहे की आपल्या भीतीतून, हे तपासण्यासाठी याकोब 3:17 हाताशी ठेवावे. शुद्धता, शांतिप्रियता, सौम्यता, समजून घेण्याची तयारी, दया आणि निष्कपटपणा या खुणा तेथे दिल्या आहेत. निर्णयाच्या विचारानेच घरातल्या कोणाला धमकावल्यासारखे वाटत असेल, तर थांबावे.

मसलत देणारे पुष्कळ असले म्हणजे बेत तडीस जातात, असे बायबलमधील नीतिसूत्रे सांगतात. व्हिसाच्या प्रश्नासाठी वकील आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या उदासीनतेसाठी डॉक्टर गाठणे हा विश्वासाचा अभाव नव्हे. मंडळीचे पाळक दोघांचीही जागा घेऊ शकत नाहीत. मोबाइलवरून भविष्यवाणी सांगून देणगी मागणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे.

आईवडिलांना इकडे आणावे की आपण तिकडे जावे, यावर कित्येक महिने प्रार्थना चालते, पण त्यांची स्वतःची इच्छा काय आहे हे त्यांना कोणी विचारलेलेच नसते. आजच्या प्रार्थनेनंतर लगेच त्यांना फोन करावा, आणि आपले मत सांगण्याआधी त्यांना बोलू द्यावे.